मेंढीपालनाचे प्रशिक्षण : अनुदानाइतकीच कौशल्याची गरज

वाराणसीत दशाश्वमेध घाटाजवळचा एक घाट अहिल्याबाई होळकर यांच्या नावाने ओळखला जातो. महाराष्ट्रात त्यांचेच नाव पुण्यातील मुख्यालयातून चालणाऱ्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाला देण्यात आले आहे. रांजणी (सांगली), महूद (सोलापूर) व दहिवडी (सातारा) येथे महामंडळाची प्रक्षेत्रे आहेत. सुधारित जातीच्या जनावरांच्या पैदाशीबरोबरच शेळी-मेंढीपालनाचे प्रशिक्षण देणे, हेही महामंडळाचे काम आहे.

हे ज्ञान पूर्वी धनगर कुटुंबांत वडीलधाऱ्यांकडून मिळत असे. कळपामागे चालताना मुले चारा, पाणवठे आणि आजाराची लक्षणे ओळखू लागत. मुले शाळेत जाऊ लागली, चराऊ कुरणे आक्रसली आणि ही परंपरा क्षीण होत गेली. दुसरीकडे, पिढीजात अनुभव नसलेले तरुणही या व्यवसायाकडे वळत आहेत.

राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत 20 मेंढ्या व 1 नर असा गट 75 टक्के अनुदानावर देण्याची तरतूद आहे. राष्ट्रीय पशुधन अभियानाच्या 2021-22 मधील सुधारित स्वरूपात 500 मेंढ्या किंवा शेळ्या व 25 नरांच्या प्रकल्पासाठी 50 टक्के, कमाल 50 लाख रुपये भांडवली अनुदान आहे. त्यासाठी अर्जदाराचे प्रशिक्षण किंवा पुरेसा अनुभव विचारात घेतला जातो.

ही अट केवळ कागदोपत्री नाही. पावसानंतरचे कोवळे गवत अधाशीपणे खाल्लेल्या मेंढ्या आंत्रविषाराने काही तासांत दगावू शकतात. पावसाळ्यापूर्वीचे लसीकरण हाच त्यावरचा खात्रीचा उपाय आहे. पीपीआर हा सांसर्गिक रोग संपूर्ण कळपात पसरू शकतो. मेंढीचा गाभणकाळ सुमारे 150 दिवसांचा असतो. विण्याच्या वेळी दक्षता, नवजात कोकराला तातडीने चीक पाजणे, दातांवरून वय ओळखणे, जंतनाशकाची योग्य मात्रा देणे आणि सगोत्र पैदास टाळण्यासाठी नर वेळेवर बदलणे, ही कामे प्रत्यक्ष हाताळणीतूनच शिकता येतात.

राजस्थानातील अविकानगर येथे 1962 मध्ये स्थापन झालेली केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था, नागपूरचे महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आणि कृषी विज्ञान केंद्रे यांच्याकडेही पशुपालनाची प्रशिक्षणे होतात. 2019 च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे 7.43 कोटी, तर महाराष्ट्रात सुमारे 27 लाख मेंढ्या आहेत. अनुदानातून कळप उभा राहतो. तो टिकवण्यासाठी मात्र प्रशिक्षित हातच लागतात.