लांडग्यावरचा आरोप

बिरसीचं नाव निघालं की गोंदियाचा विमानतळ आठवतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी इथं धावपट्टी बांधली. त्याच इंग्रजांनी या मुलखातल्या दोन जनावरांचा निवाडा कसा केला, ते इथं सांगायचं आहे.

1831 साली कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या प्राण्यांची यादी लंडनला मांडली. मुंबई सरकारसाठी आकडेवारी गोळा करत ते गावोगाव फिरले होते. यादीत त्यांनी मराठी नावंही टिपली: लांडगा आणि कोळसुन, म्हणजे आपला रानकुत्रा. लांडग्याला त्यांनी दिलेलं 'पॅलिपीस' हे नाव शास्त्रात टिकलं. कोळसुनाला दिलेलं 'दुखुनेन्सिस', म्हणजे दख्खनचा, हे मात्र मागे पडलं, कारण पल्लास यांनी आधीच त्या जातीचं बारसं केलं होतं.

पुढे किपलिंग आले. बिरसीच्या उत्तरेला बालाघाट, त्यापलीकडे सिवनी. मोगलीचं जंगल तेच. त्यांच्या गोष्टीत सिवनीचे लांडगे कायदा पाळणारे, तर दख्खनहून येणारे लाल कुत्रे म्हणजे निव्वळ टोळधाड. सरकारी दप्तरात मात्र दोघेही गुन्हेगार. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या अंदाजानुसार 1875 ते 1925 या 50 वर्षांत बक्षिसासाठी 2 लाखांवर लांडगे मारले गेले.

खरी राहणी वेगळी. लांडग्याचा कळप म्हणजे बहुधा एकच कुटुंब: नर, मादी आणि त्यांची पिल्लं. त्याला दाट जंगल नको, माळरान हवं. ससा, काळवीट मिळालं नाही की तो मेंढीकडे वळतो. रानकुत्रा जंगलातला. नागझिऱ्यात तो आजही आहे. तो शीळ घालून साथीदारांना बोलावतो, दिवसाउजेडी शिकार करतो आणि शिकारीवर पिल्लांना आधी खाऊ देतो. गोष्टीतल्या खलनायकापेक्षा बरा बाप!

सूरह युसुफमध्ये भाऊ सदऱ्याला खोटं रक्त लावून आणतात आणि सांगतात, लांडग्यानं खाल्लं. पण लांडग्याची भीती आधी हजरत याकूब (अ.स.) यांनीच बोलून दाखवली होती, भावांनी तीच उचलली. भीती घरात असली की आरोप रचायला फार कष्ट पडत नाहीत. लांडगा अगदीच निर्दोष, असंही म्हणता येत नाही. 1996 साली उत्तर प्रदेशात लांडग्यांनी लहान मुलं नेली होती. त्या आईबापांना सदऱ्याची गोष्ट ऐकवणं क्रूरपणा ठरेल. पण तिथल्या गुन्ह्याची शिक्षा सोलापूरच्या माळावरच्या लांडग्याला का?

1972 च्या कायद्यानं लांडग्याला पहिल्या परिशिष्टात संरक्षण दिलं. आज देशात ते तीन हजारांच्या आसपास उरलेत. वाघासाठी जंगल राखलं जातं, माळरानाची नोंद मात्र सरकारी कागदांत अजूनही 'पडीक' अशीच होते.