गेंडा, दरबार आणि गंगाराम तांबट

पेशवाईतल्या पुण्याचा इतिहास आपण बखरी आणि दप्तरे यांतून वाचतो. चित्रकारांची कच्ची रेखाटने मात्र साधन म्हणून क्वचितच उघडली जातात. मला ती दप्तराइतकीच मोलाची वाटतात.

इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट संगमावर राहत असे. त्याच्यासाठी गंगाराम तांबट या पुणेकराने काढलेली रेखाटने आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलाकेंद्रात आहेत. त्यांत पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा आहे, साल 1790. ड्यूररने 1515 साली गेंडा न पाहता, दुसऱ्याच्या रेखाटनावरून आणि वर्णनावरून काढला, तेव्हा त्याच्या पाठीवर एक जादा शिंग उगवले. गंगारामचा गेंडा समोर पाहून काढलेला आहे. तालमीत कसरत करणारे पुरुषही त्याने काढले. ज्यांची नोंद दप्तरात सहसा होत नाही, असे हे पुणे.

आता दुसरी बाजू पाहू. सवाई माधवरावांच्या दरबारात मॅलेट 1790चा करार करतो आहे, हे भव्य तैलचित्र थॉमस डॅनियलने 1805 साली पूर्ण केले, तेही जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून. पण वेल्स मुंबईत उतरला 1791 साली! म्हणजे त्यातले चेहरे प्रत्यक्ष पाहिलेले असले तरी प्रसंग मागाहून जुळवलेला. तैलचित्रातून मॅलेटला काय दाखवायचे होते ते कळते. वेल्सच्या डोळ्यांनी काय पाहिले, ते शोधायला रेखाटनांकडेच जावे लागते.

वेल्सच्या हाताखाली शनिवारवाड्यात चित्रशाळा सुरू झाली आणि गंगाराम तिथे शिकला. ऑक्टोबर 1795मध्ये सवाई माधवराव गेले, पुढच्याच महिन्यात वेल्स. चित्रशाळेचा आधारच तुटला. 1803 साली डॅनियलने वेरूळची चोवीस दृश्ये छापली. वेरूळ गंगारामनेही रेखाटले होते, पण शीर्षकपानावर श्रेय वेल्सचे.

चित्रकलेच्या इतिहासात आपण शीर्षकपानांवर फार विसंबलो. गंगारामचे नाव टिकले ते कच्च्या कागदांमुळे. आपल्याकडच्या वाड्यांत, जुन्या पेट्यांत असे आणखी कागद असतील, तर रद्दीत जाण्याआधी ते उलगडून पाहायला हवेत. गंगारामसारखेच आणखी कुणी त्यांत असू शकेल.