परवाना, प्रशिक्षण आणि पिस्तूल : अमेरिकेतील एका कायदेशीर अटीचा इतिहास

अंगावर दडवून पिस्तूल बाळगू इच्छिणाऱ्या नागरिकाने आधी प्रशिक्षण घ्यावे, परीक्षा द्यावी आणि मगच त्याला परवाना मिळावा, ही अट वरवर पाहता इतकी साधी आहे की तिला काही इतिहास असेल असे वाटत नाही. परंतु अमेरिकेतील राज्यांच्या कायद्यांचा मागोवा घेतला असता असे दिसते की ही अट बरीच उशिरा आली, आणि ती आली तेव्हा एका जुन्या आणि बदनाम झालेल्या व्यवस्थेच्या जागी आली. ती जुनी व्यवस्था समजून घेतल्याशिवाय प्रशिक्षणाच्या अटीवरून आज चालू असलेला वाद नीट कळत नाही.

शस्त्र दडवून बाळगण्यावर पहिली बंदी केंटकी व लुइझियाना या राज्यांनी १८१३ मध्ये घातली. त्यात परवान्याचा प्रश्नच नव्हता. परवान्याची कल्पना ठळकपणे पुढे आली ती यादवी युद्धानंतर, आणि तिचा रोख कोणावर होता हे कायद्याच्या शब्दांतच लिहिलेले आहे. मिसिसिपी राज्याने १८६५ च्या अखेरीस केलेल्या कायद्यानुसार लष्करी सेवेत नसलेल्या कृष्णवर्णीय माणसाला कौंटीच्या मंडळाचा परवाना असल्याखेरीज बंदूक ठेवता वा बाळगता येत नव्हती. फ्लोरिडाने १८९३ मध्ये रायफलींसाठी परवाना लागू केला व १९०१ मध्ये त्यात पिस्तुलाची भर घातली. या कायद्यात वर्णाचा उल्लेख नव्हता. पुढे १९४१ मध्ये त्याच राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातील न्यायमूर्ती ब्यूफर्ड यांनी स्वतंत्र निकालपत्रात स्पष्टच नमूद केले की हा कायदा कृष्णवर्णीय मजुरांना निःशस्त्र करण्यासाठी झाला होता आणि गोऱ्या लोकांना तो लावण्याचा हेतू कधीच नव्हता. इतकी उघड कबुली न्यायालयीन कागदपत्रांत क्वचितच सापडते.

न्यू यॉर्कचा १९११ चा सलिव्हन कायदा हा शहरी नमुना होय. त्याने लहान, लपवता येण्याजोग्या शस्त्रांसाठी परवाना सक्तीचा केला, आणि १९१३ पासून दडवून बाळगण्यासाठी अर्जदाराला 'योग्य कारण' दाखवावे लागू लागले. कॅलिफोर्नियाने १९२३ मध्ये 'चांगले चारित्र्य' व 'सबळ कारण' यांची भाषा स्वीकारली. कारण योग्य की अयोग्य हे ठरवणार पोलीस प्रमुख किंवा शेरीफ. अर्जदाराला शस्त्र चालवता येते की नाही, हा प्रश्न या व्यवस्थेत दुय्यम होता. तो कोण आहे, हे पाहिले जाई. भारतीय वाचकाला यात काही अनोळखी वाटू नये. १८७८ च्या शस्त्र कायद्याखाली भारतीयांना परवाना आवश्यक होता आणि युरोपियनांना सूट होती.

या मर्जीच्या व्यवस्थेचे सर्वांत बोलके उदाहरण १९५६ चे आहे. मॉन्टगोमेरी येथील बस बहिष्काराच्या काळात, ३० जानेवारी रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. त्यानंतर किंग यांनी पिस्तुलाच्या परवान्यासाठी अर्ज केला. तो नाकारण्यात आला. ज्याच्या घरावर बॉम्ब पडला त्याच्याकडे जर पुरेसे कारण नसेल, तर ते कोणाकडे असणार? किंग पुढे अहिंसेच्या मार्गावर अधिक दृढ झाले व त्यांनी शस्त्र दूर ठेवले, हा इतिहास सर्वपरिचित आहे. परंतु तो निर्णय त्यांचा होता, शेरीफचा नव्हे.

वॉशिंग्टन राज्याने १९६१ मध्ये अधिकाऱ्याची ही मर्जी काढून टाकली : ठरावीक अपात्रता नसेल तर परवाना द्यावाच लागेल. तेथे प्रशिक्षणाची अट मात्र नव्हती. फ्लोरिडाने १९८७ मध्ये याच तत्त्वावर कायदा केला तेव्हा विरोधकांच्या शंकेला उत्तर म्हणून शस्त्र हाताळणीच्या योग्यतेचा पुरावा मागण्यात आला. शिकारीचा सुरक्षा अभ्यासक्रम, लष्करी सेवा किंवा नॅशनल रायफल असोसिएशनचा वर्ग, यांपैकी काहीही चालत असे. ही संघटना १८७१ मध्ये स्थापन झाली ती नेमबाजी शिकवण्यासाठीच, हे येथे ध्यानात घ्यावे.

टेक्ससचा कायदा अधिक तपशीलवार आहे. १६ ऑक्टोबर १९९१ रोजी किलीन येथील लूबीज या खानावळीत एका माणसाने २३ जणांना ठार केले. त्यात सुझाना ग्रेशिया हप यांचे आईवडील होते. तेव्हाच्या कायद्याच्या धाकाने त्यांनी आपले पिस्तूल मोटारीत ठेवले होते. त्यांच्या साक्षींचा मोठा परिणाम झाला. गव्हर्नर अ‍ॅन रिचर्ड्स यांनी १९९३ मध्ये नकाराधिकार वापरला, पण १९९५ मध्ये जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी विधेयकावर सही केली. १० ते १५ तासांचा वर्ग, लेखी परीक्षा आणि ३, ७ व १५ यार्डांवरून ५० गोळ्यांची चाचणी असे त्याचे स्वरूप होते. अभ्यासक्रमाचे विषय लक्षणीय आहेत : शस्त्राचा व प्राणघातक बळाचा कायदा, पिस्तुलाची सुरक्षित हाताळणी, मुलांच्या हाती लागणार नाही अशी साठवण, आणि भांडण बळाविना मिटवण्याच्या पद्धती. पिस्तूल बाळगणाऱ्याला ते न काढण्याचे शिक्षण देणारा हा भाग कायद्यातील सर्वांत शहाणा भाग म्हणावा लागेल. शुल्क मात्र १४० डॉलर होते, म्हणजे मजुरी करणाऱ्याला जड. २०१३ मध्ये वर्गाचे तास ४ ते ६ वर आले, आणि २०१७ मध्ये शुल्क ४० डॉलर झाले.

प्रशिक्षणाची अट अडथळा म्हणूनही कशी वापरता येते, हे शिकागोने दाखवून दिले. ओटिस मॅक्डोनाल्ड या वृद्ध कृष्णवर्णीय रहिवाशाच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये शहराची पिस्तूलबंदी टिकू दिली नाही. शहराने लगेच नवा अध्यादेश काढला. त्यात घरात बंदूक ठेवण्याच्या परवान्यासाठीही एक तास प्रत्यक्ष नेमबाजीचे प्रशिक्षण सक्तीचे केले आणि त्याच अध्यादेशाने शहराच्या हद्दीत सार्वजनिक शूटिंग रेंजवर बंदी घातली! शिका म्हणायचे आणि शाळेला कुलूप लावायचे, असा हा प्रकार होता. ज्याच्याकडे मोटार आहे तो उपनगरात जाऊन शिकेल. बाकीच्यांनी काय करावे? अपील न्यायालयाने २०११ मध्ये ही बंदी रोखली. इलिनॉय राज्याने अखेर २०१३ मध्ये दडवून बाळगण्याचा कायदा केला. त्यात १६ तासांचे प्रशिक्षण, ३० गोळ्या व ७० टक्के नेम अशी अट आहे.

अट पूर्ण केली म्हणजे संरक्षण मिळाले असे मात्र नाही. मिनेसोटातील फिलँडो कॅस्टील यांच्याकडे परवाना होता, आणि त्या राज्यात २००३ पासून परवान्यासाठी प्रशिक्षण आवश्यक आहे. ६ जुलै २०१६ रोजी पोलिसाने त्यांची मोटार थांबवली. आपल्याजवळ शस्त्र आहे हे त्यांनी स्वतःहून सांगितले. काही क्षणांत पोलिसाने सात गोळ्या झाडल्या. मोटारीत त्यांची सहचरी व तिची लहान मुलगी होती. पोलीस अधिकारी २०१७ मध्ये निर्दोष सुटला. प्रशिक्षण कोणाला हवे, हा प्रश्न या घटनेनंतर केवळ परवानाधारकापुरता राहिला नाही.

दरम्यान वारे उलट दिशेने वाहू लागले होते. अलास्काने २००३ मध्ये परवान्याची सक्तीच काढली, अ‍ॅरिझोनाने २०१० मध्ये, टेक्ससने २०२१ मध्ये, तर फ्लोरिडाने २०२३ मध्ये. २०२४ पर्यंत अशा राज्यांची संख्या २९ झाली. परवाना गेला तिथे त्याला जोडलेली प्रशिक्षणाची सक्तीही गेली.

न्यू यॉर्कचे 'योग्य कारण' सर्वोच्च न्यायालयाने २३ जून २०२२ रोजी रद्द केले. त्या खटल्यातील एका अर्जदाराने प्रगत सुरक्षा प्रशिक्षण पूर्ण केलेले असूनही त्याला पूर्ण परवाना नाकारला होता. परवान्याअभावी कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक तरुणच तुरुंगात जातात, असे निवेदन खुद्द न्यू यॉर्कमधील गरिबांचे वकीलपत्र घेणाऱ्या कृष्णवर्णीय वकिलांनी न्यायालयात दिले होते. निकालाच्या एका तळटीपेत न्यायमूर्ती थॉमस यांनी प्रशिक्षणाच्या अटीला हरकत घेतली नाही. मात्र दीर्घ विलंब किंवा अवाजवी शुल्क यांमुळे सामान्य माणसाचा हक्क हिरावला जात असेल, तर त्याला आव्हान देता येईल असे सुचवले. न्यू यॉर्कने १ सप्टेंबर २०२२ पासून १६ तासांचा वर्ग, २ तासांची प्रत्यक्ष नेमबाजी आणि लेखी परीक्षेत ८० टक्के गुण अशी अट लागू केली. या १८ तासांची फी अर्जदाराने स्वतःच भरायची आहे.