सीताबर्डी : उत्साहाची लढाई, मंत्राचा पराभव



ज्या गुरुजनांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजले आहे, त्यांना अभिवादन करून मी प्रारंभ करतो. मराठी वाङ्मयाच्या अध्यापकाने युद्धावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. त्याचे कारण माझ्याच एका चुकीत आहे. वर्गात सीताबर्डीच्या लढाईचा उल्लेख आला की, ‘दैव फिरले आणि नागपूरचे राज्य बुडाले’, असे मी वर्षानुवर्षे सांगत आलो. ऐकणाऱ्यांना ते वाक्य आवडत असे. आज ते मी आपल्यासमोर मागे घेणार आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातील हा आपला मुलूख तेव्हा नागपूरकर भोसल्यांच्या राज्यातच होता. तेव्हा हा हिशेब आपल्या घरचाच आहे.

प्रथम घटना पाहू. मे १८१६ मध्ये आप्पासाहेब भोसल्यांनी इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. १८१७ च्या फेब्रुवारीत परसोजी भोसल्यांचा खून झाला आणि आप्पासाहेब गादीवर आले. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीला पेशवे व इंग्रज यांच्यात लढाई जुंपली. त्यानंतर २४ नोव्हेंबरला आप्पासाहेबांनी भर दरबारात पेशव्यांकडून आलेली सेनासाहेबसुभा पदाची वस्त्रे स्वीकारली. रेसिडेंट जेंकिन्स याने यातून जो अर्थ घ्यायचा तो घेतला. दुसऱ्याच दिवशी तेलंखेडीच्या छावणीतील पलटणी रेसिडेन्सीजवळ आल्या आणि सीताबर्डीच्या दोन्ही टेकड्या त्यांनी ताब्यात घेतल्या. लेफ्टनंट कर्नल स्कॉट याच्या हाताखाली सुमारे १,४०० माणसे होती. समोर भोसल्यांचे सैन्य सुमारे १८,००० होते आणि ३६ तोफा होत्या. त्यात तीन-चार हजार कसलेले अरब होते.

२६ नोव्हेंबरच्या सायंकाळी तोफा सुरू झाल्या. मध्यरात्र उलटून गेली तरी मारा चालू होता. सकाळी, नऊच्या सुमारास, शहराकडच्या धाकट्या टेकडीवर इंग्रजांच्या दारूगोळ्याच्या गाडीचा स्फोट झाला. त्या गोंधळात अरब तलवारी उपसून वर चढले आणि त्यांनी टेकडी जिंकली. तेथील तोफ त्यांनी थोरल्या टेकडीवर वळवली. राज्य वाचण्याचा तो क्षण होता. तेवढ्यात कॅप्टन फिट्झगेराल्ड याने, वरिष्ठ अनुमती देण्यास कचरत असताना, स्वतःच्या जोखमीवर बंगालच्या घोडेस्वारांनिशी मैदानात हल्ला चढवला आणि दोन तोफा हिसकावल्या. टेकडीवरील शिपायांना धीर आला. त्याच वेळी अरबांमध्ये दारूचा दुसरा स्फोट झाला. त्या संधीचा फायदा घेऊन शिपायांनी धाकटी टेकडी परत घेतली. दुपारपर्यंत सारे संपले. इंग्रजांकडील ३६७ माणसे मेली वा जखमी झाली. त्यांतील बहुसंख्य मद्रास व बंगालकडचे, म्हणजे आपलेच देशबांधव होते, हेही विसरू नये.

आता दैवाचा प्रश्न. श्रोतेहो, स्फोट दोन झाले. पहिला आपल्याला अनुकूल, दुसरा प्रतिकूल. दैवाने माप दोघांच्या पदरात सारखेच घातले. मग निकाल एकतर्फी का लागला?

कौटिल्याने राजाच्या तीन शक्ती सांगितल्या आहेत : उत्साहशक्ती म्हणजे पराक्रम, प्रभुशक्ती म्हणजे कोश व सैन्य, आणि मंत्रशक्ती म्हणजे विचारपूर्वक केलेली योजना. पूर्वाचार्य उत्साहाला थोर मानत. कौटिल्याने तो क्रम उलटवला आणि मंत्राला अग्रस्थान दिले. चीनच्या सुन-त्झूचेही मत याच दिशेचे आहे : लढाईचा निकाल रणांगणापूर्वीच्या हिशेबात ठरतो. या कसोट्या सीताबर्डीला लावून पाहू.

पहिली कसोटी गुप्ततेची. लढायचे ठरले असेल, तर वस्त्रांचा समारंभ आधी कशासाठी? शत्रूला आपण एक दिवस दिला आणि त्या एका दिवसात त्याने टेकडी घेतली. दुसरी, बळाच्या एकवटीची. अठरा हजारांपैकी मोठा भाग घोडदळाचा होता. टेकडीच्या चढणीवर त्याचा उपयोग नव्हता. जेथे निर्णय व्हायचा तेथे अरब एकटे पडले. धाकटी टेकडी हाती आल्यावर त्यांच्या पाठीशी ताज्या तुकड्या उभ्या असत्या, तर दुसरा स्फोट इतका भोवला नसता. तिसरी, एकसूत्री नेतृत्वाची. समोर एका कॅप्टनने जोखीम स्वतःच्या शिरावर घेतली. आपल्याकडे ती घेणारे कोणी पुढे आले नाही.

चौथी कसोटी सर्वांत महत्त्वाची, हेतूच्या निश्चयाची. युद्ध हे राजकारणाचेच एक साधन, असे जर्मन सेनाशास्त्रज्ञ क्लाउझेविट्झ मानतो. ज्याचे राजकारणच दुटप्पी, त्याचे युद्ध एकनिष्ठ कसे असणार? पराभवानंतर आप्पासाहेबांनी वकील पाठवून कळवले की, हा हल्ला आपल्या आज्ञेवाचून झाला. ज्यांनी त्यांच्यासाठी रक्त सांडले, त्यांना एका निरोपाने त्यांनी परके केले. १६ डिसेंबरला ते स्वतः इंग्रजांच्या छावणीत गेले. अरब मात्र शहरात लढत राहिले. २४ डिसेंबरचा इंग्रजांचा हल्ला त्यांनी परतवला आणि अटी मान्य करवूनच शहर सोडले. उत्साह कमी नव्हता, याहून वेगळा पुरावा कशाला हवा? १८४० मध्ये आप्पासाहेब जोधपूरला आश्रितावस्थेत वारले. १८५४ मध्ये नागपूरचे राज्यही खालसा झाले.

भरवेलीच्या श्रोत्यांना मी दारूच्या स्फोटाविषयी काय सांगावे? येथे घरोघरी मँगनीजच्या खाणीत उतरलेली माणसे आहेत. ठिणगी कोठेही पडू शकते, हे आपण जाणता. म्हणूनच दारू कोठे ठेवावी, कोणी हाताळावी, सुरुंगापूर्वी माणसे कोठे उभी असावीत, याचे नियम आपण आधी करता. अपघात झाला तर त्याला नशीब म्हणून आपण मोकळे होत नाही, चौकशी करता. इतिहासाकडेही याच दृष्टीने पाहावे, एवढीच माझी विनंती आहे.

‘दैव फिरले’ या वाक्यात मृतांविषयी सहानुभूती असते, पण त्यांना न्याय मिळत नाही. त्या धाकट्या टेकडीवर चढलेल्या माणसांना न्याय द्यायचा, तर त्यांना एकटे कोणी सोडले, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. ते म्हणण्यास मला पुष्कळ उशीर झाला. आपल्यापैकी जे शिक्षक आहेत, त्यांनी तो करू नये.