कूसीचा बुरूज

पॅरिसहून ईशान्येस शंभरेक किलोमीटर गेले म्हणजे पिकार्डीच्या शेतांमधून एक टेकाड नाकासारखे पुढे आलेले दिसते. त्याच्या कडेकडेने तट धावतो आणि तटाच्या आत हजाराच्या आसपास वस्तीचे एक गाव आहे. कूसी-ल-शातो हे त्याचे नाव. ‘शातो’ म्हणजे किल्ला. तेव्हा हे किल्ल्याचे कूसी. परंतु ज्याच्यामुळे गावाला हे नाव मिळाले तो किल्ला पाहावयास जो जाईल, त्याच्या दृष्टीस पहिल्याने पडते ती दगडांची एक प्रचंड रास. ती रास तेथे कशी आली आणि ती उचलली का गेली नाही, हेच आज आपणांस सांगावयाचे आहे.

टेकाडाला तीन बाजूंनी उतार आहे. चढाई होण्याजोगी सपाट वाट एकच, लाँ या शहराकडून येणारी. म्हणून त्या बाजूचा दरवाजा दोन अवाढव्य गोल बुरुजांच्या मध्ये बसविलेला आहे. दरवाजातून आत शिरले की गाव लागते, गावापलीकडे तटबंदीचे मोठे आवार, आणि त्याच्याही पलीकडे टेकाडाच्या अगदी टोकाशी मुख्य किल्ला. आपल्याकडील माची आणि बालेकिल्ला ज्याने पाहिला आहे, त्याला ही रचना फार समजावून सांगावी लागणार नाही.

हा किल्ला कूसीचा जहागीरदार तिसरा आंगेराँ याने 1220 नंतरच्या दहापंधरा वर्षांत बांधला. त्याच्या मध्यवर्ती बुरुजाची उंची सुमारे 55 मीटर, व्यास तीस मीटरांहून अधिक आणि तळाशी भिंतीची जाडी सात मीटरांच्या घरात. हे आकडे ऐकून चटकन बोध व्हावयाचा नाही, म्हणून एक तुलना देतो. पॅरिसमध्ये लूव्र येथे खुद्द फ्रान्सच्या राजाचा जो बुरूज होता, तो तीसेक मीटर उंच आणि पंधरा मीटर रुंद होता. म्हणजे राजाचा बुरूज चाकराच्या बुरुजापुढे ठेंगणा! शिवाय हा बुरूज टेकाडाच्या टोकाला नव्हे, तर गावाकडील अंगाला उभा केला होता. शत्रू तिकडूनच येणार, हे त्याचे कारण उघड आहे. पण सकाळी दार उघडणाऱ्या गावकऱ्याला शत्रू क्वचित दिसे. बुरूज मात्र रोज दिसे.

त्या बुरुजाखाली न्याय कसा चाले, याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. आंगेराँचा मुलगा चौथा आंगेराँ याच्या रानात तीन तरुण धनुष्यबाण घेऊन शिकारीला शिरले. जवळच्या मठात शिकणारी ही कुलीन घरची मुले. त्याने चौकशी न करता तिघांनाही फासावर चढविले. ही वार्ता नवव्या लुईच्या कानी गेली. राजाने त्याला पकडून लूव्रमध्ये डांबले. द्वंद्वयुद्धाने निवाडा करून घेण्याचा आपला हक्क आहे, असे जहागीरदाराने सांगितले आणि राज्यातील बडे सरदार त्याच्या पाठीशी उभे राहिले. राजाने तो हक्क मानला नाही. आंगेराँचे प्राण वाचले खरे, पण त्याला जबर दंड भरावा लागला. सामंतांच्या हातून दंडशक्ती राजाकडे कशी सरकत गेली, हे या एका खटल्यात पाहावयास मिळते.

शेवटचा, सातवा आंगेराँ हा या घराण्यातील मला सर्वांत लक्षणीय वाटणारा पुरुष. इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्ड राजाची कन्या इझाबेला हिच्याशी 1365 मध्ये त्याचा विवाह झाला. 1368 मध्ये त्याने आपल्या बावीस गावांतील भूदासांना मुक्तीची सनद दिली. मोबदल्यात प्रत्येक गावाने वार्षिक देणे द्यावयाचे ठरले. यात दयाबुद्धी किती होती? प्लेग आणि युद्ध यांनी माणसे कमी झाली होती आणि उरलेली जेथे मोकळेपणाने राहता येईल तेथे निघून जात होती. जमिनी पडीक पडू लागल्या. सात मीटर जाडीची भिंत शत्रूला अडवील, पण उठून चाललेल्या कुळाला कशी अडविणार? निकोपोलिसच्या लढाईत 1396 साली तुर्कांच्या हाती सापडून पुढील वर्षी तो बुर्सा येथे कैदेत मरण पावला. त्याला औरस मुलगा नव्हता.

पुढची शतके थोडक्यात आटोपू. 1652 मध्ये बंडाळीच्या काळात कार्डिनल माझारँ याने किल्ला निकामी करण्याची आज्ञा दिली. सुरुंगाने बरेच मोडले, पण बुरुजाचे कवच उभे राहिले. 1692 च्या भूकंपात त्याला भेगा पडल्या, तरी तो पडला नाही. एकोणिसाव्या शतकात व्हियोले-ल-द्यूक या वास्तुविशारदाने त्याला लोखंडी पट्टे आवळून सावरले.

मग 1917 चा मार्च महिना उजाडला. 1914 पासून हा मुलूख जर्मन सैन्याच्या ताब्यात होता आणि ते सैन्य आता मागील बळकट फळीकडे माघार घेत होते. मागे सोडावयाच्या प्रदेशात शत्रूच्या उपयोगी काही ठेवावयाचे नाही, असे ठरले होते. बव्हेरियाचा युवराज रुप्रेख्त हा त्यांचाच सेनापती. त्याने कूसीचा किल्ला राखावा अशी रदबदली केली. लुडेन्डॉर्फने ती मानली नाही. सुमारे 28 टन स्फोटके लावण्यात आली आणि महाबुरूज व चारी कोपऱ्यांचे बुरूज उडविले गेले. उंचावरून टेहळणी करता आली असती, हे मान्य करू. पण तोफा आणि विमाने यांच्या त्या युद्धात तेवढ्यासाठी सातशे वर्षांची वास्तू उडविणे मला तरी सेनापतीच्या गरजेपेक्षा त्याच्या घमेंडीचे काम वाटते.

युद्ध संपल्यावर गाव पुन्हा बांधले गेले. तट आणि पडक्या भिंती पडू नयेत इतपत सावरल्या गेल्या. किल्ल्याचा तपशील लिहून, काढून ठेवलेला होता; बुरूज नव्याने उभारणे अगदीच अशक्य नव्हते. परंतु फ्रेंचांनी तो उभारला नाही. रानटीपणाचे स्मारक म्हणून ती रास जशी कोसळली तशीच ठेवावयाचे ठरले, आणि ती तशीच आहे. प्रवाशाला बुरूज पाहावयाचाच असेल, तर त्याने स्वासोंच्या दिशेच्या दरवाजातील लहानशा संग्रहालयात जावे. तेथे जुन्या गावाची आणि किल्ल्याची प्रतिकृती मांडलेली आहे. ती पाहून झाल्यावर पुन्हा त्या राशीपाशी यावे, म्हणजे केवढे काय पडले ते कळते.