डोंगरावरून परतलेला एकटा, आणि मनिलाचा एक टॉक शो

मनिलाच्या टीव्हीवर एके काळी ‘टू फॉर द रोड’ नावाचा गप्पांचा कार्यक्रम होत असे. सूत्रसंचालक दोन. एल्विरा मानाहान या राजधानीच्या उच्चभ्रू वर्तुळातल्या. त्यांचे उंची पोशाख आणि मोकळ्या गळ्याचे हसणे साऱ्या देशाच्या ओळखीचे. त्यांच्या शेजारी नेस्तोर माता, पेशाने वार्ताहर. (आडनावाचा आपल्या ‘माता’शी काही संबंध नाही, स्पॅनिश राजवटीने त्या देशाला अशी असंख्य आडनावे दिली.)

इतिहासाच्या पुस्तकांत टॉक शोला सहसा तळटीपही मिळत नाही. या कार्यक्रमाला मात्र ती मिळायला हवी होती. कारण मातांकडे पाहताना बहुतेक प्रेक्षकांच्या मनात एक तारीख असे: १७ मार्च १९५७. त्या दिवशी पहाटेच्या अंधारात एक विमान सेबू बेटावरील डोंगरावर आदळले. विमानात २६ जण होते. २५ जण गेले. त्यांत देशाचे राष्ट्राध्यक्षही होते. वाचले ते एकटे माता.

ते राष्ट्राध्यक्ष म्हणजे रामॉन मॅगसेसे. मराठी वाचकाला हे नाव पुरस्कारामुळे पाठ असते. विनोबा भावे, चिंतामणराव देशमुख, रजनीकांत आणि मेबल आरोळे, बाबा आमटे ही यादी स्पर्धा परीक्षेचा कोणताही विद्यार्थी झोपेतही म्हणून दाखवील. ज्याच्या नावाने पुरस्कार दिला जातो तो माणूस मात्र त्या यादीमागे हरवून जातो.

मॅगसेसे एका बस कंपनीत मेकॅनिक होते. दुसऱ्या महायुद्धात जपानी फौजांविरुद्ध ते गनिमी काव्याने लढले. १९५० मध्ये संरक्षणमंत्री झाले आणि ‘हुक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सशस्त्र शेतकरी बंडाला त्यांनी तोंड दिले. १९५३ ची निवडणूक जिंकून राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्यांनी मलाकान्यांग या राजवाड्याचे दरवाजे सामान्यांना उघडले आणि लोकांच्या तक्रारी ऐकण्यासाठी स्वतंत्र समिती नेमली. कुळांच्या हक्कांचा कायदा १९५४ मध्ये झाला, जमीन सुधारणेचा १९५५ मध्ये. मोठ्या जमीनदारांनी भरलेल्या विधिमंडळात त्या कायद्यांचे दात बरेच बोथट झाले, हेही नमूद करावे लागेल. मॅगसेसे संत नव्हते. अमेरिकेशी त्यांची जवळीक उघड होती आणि त्यावर टीकाही होई. पण दारिद्र्यातून आलेला शेतकरी राजवाड्याच्या पायरीवर बसू शकतो, हे त्या देशाने त्यांच्या काळात डोळ्यांनी पाहिले.

१६ मार्च १९५७ चा दिवस मॅगसेसेंनी सेबूमध्ये भाषणे देण्यात घालवला. रात्री मुक्काम न करता मनिलाला परतायचे ठरले. मध्यरात्र उलटल्यावर, एकच्या सुमारास, त्यांचे सी-४७ जातीचे विमान लाहुग विमानतळावरून उडाले. विमानाचे नाव ‘माउंट पिनातुबो’. सोबत शिक्षणमंत्री, हवाई दलाचे प्रमुख, लोकप्रतिनिधी आणि काही पत्रकार होते. ‘द फिलिपिन्स हेराल्ड’चे वार्ताहर म्हणून त्यांतच ३१ वर्षांचे माता होते. याच वृत्तपत्राच्या कार्लोस रोमुलो यांना १९४२ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळाले होते. म्हणजे वृत्तपत्र लहानसहान नव्हते.

पहाटे १ वाजून ४० मिनिटांच्या सुमारास विमान मानुंगाल डोंगरावर कोसळले. माता पेंगत होते. त्यांना आठवत होता तो डोळे दिपवणारा एक लखलखाट, आणि त्यानंतर जाग आली ती उतारावर, भाजलेल्या अंगाने, जळत्या अवशेषांजवळ. त्यांनी अंधारात राष्ट्राध्यक्षांना हाका मारल्या. मग आपल्या सहकारी पत्रकाराला मारल्या. उत्तर आले नाही.

मनिलात राष्ट्राध्यक्षांची वाट पाहिली जात होती, पण विमानाचा पत्ता नव्हता. शोधासाठी जहाजे आणि विमाने निघाली. प्रत्यक्षात माता सापडले ते डोंगरात राहणाऱ्या शेतकऱ्यांना. त्यांनी झोळी बांधली, भाजलेल्या माणसाला तीत घातले आणि पायवाटेने खाली आणले. सरकारी यंत्रणेला डोंगरावर काय घडले ते कळले, ते या शेतकऱ्यांच्या खांद्यावरून खाली आल्यावर. ज्या राष्ट्राध्यक्षाने आयुष्यभर खेड्यातल्या माणसाचे नाव घेतले, त्याच्या मृत्यूची वार्ताही खेड्यातल्या माणसानेच आणावी, या योगायोगावर फिलिपिनो लेखकांनी फार भर दिलेला नाही. द्यायला हरकत नव्हती.

मॅगसेसेंचा देह ओळखला गेला तो मनगटावरच्या घड्याळावरून. वय ४९. उपराष्ट्राध्यक्ष कार्लोस गार्सिया तेव्हा परिषदेसाठी ऑस्ट्रेलियात होते. ते परतले आणि १८ मार्चला त्यांनी शपथ घेतली. २२ मार्चच्या अंत्ययात्रेला मनिलाच्या रस्त्यांवर लाखो लोक लोटले.

आणि रुग्णालयात पडलेल्या मातांनी काय केले? त्यांनी बातमी दिली. हात चालत नव्हते, म्हणून परिचारिकेला मजकूर सांगून आपल्या वृत्तपत्रासाठी वृत्तान्त लिहून घेतला. पुढे ‘वन केम बॅक’ हे पुस्तकही आले.

इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने जरा थांबावे. इतक्या मोठ्या घटनेचा साक्षीदार एकच, आणि तो व्यवसायाने वार्ताहर! याहून चांगला साक्षीदार कोणता? पण माता सांगू शकत होते ते फारच थोडे होते: झोप, लखलखाट, अंधार, आग, निरुत्तर राहिलेल्या हाका. देशभर घातपाताच्या अफवा उठल्या होत्या. कोणी बंडखोरांचे नाव घेत होते, कोणी राजकीय विरोधकांचे, कोणी परकीय हातांचे. चौकशीअंती कारण निघाले ते रुक्ष: धातूचा थकवा. यंत्रातला एक दांडा तुटला आणि उड्डाणानंतर थोड्याच वेळात विमानाची शक्ती गेली. लोकांना हे पचले नाही. आजही पूर्ण पचलेले नाही. आपल्या लाडक्या नेत्याला एका तुटक्या दांड्याने मारावे हे कोणत्याच समाजाला पटत नाही.

त्या वातावरणात एकमेव साक्षीदाराने एखादा संशयास्पद आवाज ‘आठवला’ असता तर त्याला खोडणारा कोणी जिवंत नव्हता. मातांच्या साक्षीत लखलखाट राहिला, त्यापलीकडचा कोणी खलनायक आला नाही. जेवढे दिसले तेवढेच सांगणे ही साक्षीदाराची सर्वात अवघड शिस्त आहे.

आता टीव्हीकडे. फिलिपिन्समध्ये टीव्ही आला तोच राजकारणाचे बोट धरून. २३ ऑक्टोबर १९५३ रोजी पहिले प्रक्षेपण झाले. वाहिनीचे मालक आंतोनियो किरिनो हे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष एल्पिदियो किरिनो यांचे बंधू. निवडणूक तोंडावर होती आणि भावाला नव्या माध्यमाचा फायदा मिळावा हा हेतू लपलेला नव्हता. पडद्यावर पहिल्यांदा काय दिसले? किरिनोंच्या घरची मेजवानी. टीव्ही संच मोजक्या श्रीमंतांकडेच होते, त्यामुळे मेजवानी पाहणारेही बहुधा मेजवानीला जाणारेच असणार. अवघ्या तीन आठवड्यांत निवडणूक झाली आणि किरिनो दणकून हरले. जिंकले ते मॅगसेसे, गावोगाव फिरून, आणि ‘माम्बो मॅगसेसे’ या प्रचारगीताच्या तालावर. टीव्हीचा तो पहिला राजकीय पराभव म्हणावा लागेल.

१९५७ मध्येच आंतोनियो किरिनोंनी आपली वाहिनी लोपेझ घराण्याला विकली आणि तिच्यातून पुढे एबीएस-सीबीएन ही बलाढ्य संस्था उभी राहिली. साठच्या दशकात टीव्ही मध्यमवर्गाच्या घरांत शिरला. फिलिपिनो माणसाला गप्पांचे वेड आहे. त्यांच्या भाषेत गावगप्पांना ‘चिस्मिस’ म्हणतात, शब्द स्पॅनिशमधून आलेला. ही चिस्मिस अंगणातून स्टुडिओत जाणे केवळ वेळेचा प्रश्न होता.

मग २३ सप्टेंबर १९७२ उजाडला. लोक उठले तेव्हा रेडिओ मुके होते आणि टीव्हीच्या पडद्यावर नुसती खरखर होती. संध्याकाळी फेर्दिनांद मार्कोस यांनी पडद्यावर येऊन मार्शल लॉ जाहीर केला. सरकारच्या ‘लेटर ऑफ इन्स्ट्रक्शन क्रमांक १’ नुसार खाजगी वृत्तपत्रे, नियतकालिके, रेडिओ आणि टीव्ही केंद्रे ताब्यात घ्यायची होती. पहिल्याच आदेशाचा विषय प्रसारमाध्यमे असावीत, यातच हुकूमशहाची दूरदृष्टी दिसते. एबीएस-सीबीएन बंद पडली. तिचे प्रमुख युजेनियो लोपेझ धाकटे यांना त्याच वर्षी अटक झाली आणि १९७७ मध्ये ते तुरुंगातून निसटेपर्यंत त्यांच्यावर खटला उभा राहिला नाही. मातांचे ‘हेराल्ड’ही बंद झाले. त्याच कचाट्यात सातव्या वाहिनीच्या अमेरिकी मालकाला परकीय मालकीबंदीमुळे हात सोडावे लागले आणि १९७४ मध्ये तिची सूत्रे फिलिपिनो गुंतवणूकदारांकडे गेली. तीच आजची जीएमए.

‘टू फॉर द रोड’चा काळ तो हाच. ज्या देशात वृत्तपत्रांत प्रश्न विचारता येत नव्हते, तेथे दोन माणसे कॅमेऱ्यासमोर बसून पाहुण्यांना प्रश्न विचारीत होती. कार्यक्रमाचे नाव इंग्रजी आणि मानाहान यांचे जगही मनिलाच्या सुखवस्तू वर्गाचे. त्यांचे पती डॉ. कॉन्स्तांतिनो मानाहान हे माकाती मेडिकल सेंटरच्या संस्थापकांपैकी.

या गप्पांना प्रतिकार म्हणायचे का? नाही. तसा अर्थ लावण्याचा मोह आज होतो, कारण आपल्याला हुकूमशाहीतल्या प्रत्येक हसण्यात बंड शोधायची सवय लागली आहे. ज्यांनी खरोखर बंड केले त्यांनी तुरुंग भोगले, भूमिगत पत्रके छापली, काहींनी प्राण गमावले. सोफ्यावरच्या संभाषणाला त्यांच्या रांगेत बसवणे अन्यायाचे होईल. पण त्याला निव्वळ गुंगीचे औषध ठरवणेही तितकेच सोपे आणि तितकेच चुकीचे. राजवटीचा टीव्ही म्हणजे एकतर्फी भाषण: एक माणूस बोलतो, बाकीचे ऐकतात. टॉक शोचा आकारच वेगळा. एक विचारतो, दुसरा उत्तर देतो, तिसरा मध्येच तोडतो आणि कोणाला तरी हसू आवरत नाही. दोन सूत्रसंचालक असले की पाहुण्याला पाठ केलेले भाषण रेटणे अवघड जाते. संभाषण म्हणजे काय याची सवय एका पिढीच्या अंगी टिकून राहण्यासाठी एवढेही थोडे नसते.

या दोघांत मातांचे स्थान विलक्षण होते. वार्ताहराला आयुष्यात एकदाच मिळते अशी बातमी त्यांना मिळाली होती आणि ती त्यांच्या अंगावर भाजलेल्या खुणांच्या रूपाने होती. ती कहाणी सांगत उरलेले आयुष्य काढता आले असते. त्यांनी खुर्ची निवडली ती इतरांना बोलते करणाऱ्याची.

१९८६ उजाडले आणि देशाचा राजकीय निकाल पुन्हा टीव्हीवरच दिसला. २४ फेब्रुवारीच्या सकाळी मार्कोस सरकारी चौथ्या वाहिनीवर पत्रकार परिषद घेत होते. त्यांचे सेनाप्रमुख शेजारी उभे होते. बोलता बोलता पडदा काळा झाला. बंडखोरांनी केंद्र ताब्यात घेतले होते. दुसऱ्या दिवशी कोराझोन आकिनो यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली आणि रात्री मार्कोस देशाबाहेर गेले. चौदा वर्षांनी मोकळे बोलायची सोय झाली.

त्या मोकळ्या हवेत एल्विरा मानाहान यांना फार दिवस मिळाले नाहीत. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फोर्ब्स पार्क या मनिलाच्या सर्वात सुरक्षित समजल्या जाणाऱ्या वसाहतीत गोळ्या झाडून त्यांची हत्या झाली. मारणारा परिचित डॉक्टर होता. प्रकरण राजकीय नव्हते. देशाला धक्का बसला तो एका आवाजाच्या जाण्याने. त्यांचे पुत्र जॉनी मानाहान पुढे टीव्हीचे नामवंत दिग्दर्शक झाले.

दोन सूत्रसंचालकांची रीत मात्र टिकली. २००७ ते २००९ या काळात पुन्हा उभ्या राहिलेल्या एबीएस-सीबीएनवर ‘बॉय अँड क्रिस’ चालला. त्यातल्या क्रिस म्हणजे कोराझोन आकिनोंची कन्या. जिच्या वडिलांना १९८३ मध्ये मनिला विमानतळावर गोळी घातली गेली आणि जिची आई मार्कोसांनंतर राष्ट्राध्यक्ष झाली, ती मुलगी सकाळच्या वेळी सिनेतारकांना प्रेमप्रकरणे विचारीत होती. त्या देशात राजकारण आणि चिस्मिस यांची घरे कधीच फार दूर नव्हती.

माता लिहीत राहिले. उतारवयात त्यांचा स्तंभ ‘मलाया’मध्ये येत असे. २०१८ मध्ये वयाच्या ९२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. डोंगरावरच्या त्या पहाटेनंतर ६१ वर्षांनी. मॅगसेसेंच्या नावाचा पुरस्कार १९५८ मध्ये पहिल्यांदा दिला गेला तेव्हा पहिल्या मानकऱ्यांत विनोबा होते, जमीन मागत गावोगाव चालणारे. मानुंगालवर मॅगसेसेंचे स्मारक आहे आणि दरवर्षी १७ मार्चच्या सुमारास सेबूतील लोक, बहुतेक तरुण, तो डोंगर पायी चढतात.