जेम्स कॅग्नी : नट आणि सभासद

सिनेमातील नटाविषयी व्याख्यान म्हटले की श्रोत्यांच्या काही अपेक्षा असतात. त्याचे रूप, त्याच्या नायिका, त्याचे बंगले, त्याची लफडी. आज ज्या नटाविषयी बोलावयाचे योजिले आहे त्याच्या बाबतीत ह्यातले फारसे काही हाती लागणार नाही. जेम्स कॅग्नी उंचीने बेताचा, अंगाने लहानखुरा आणि चेहऱ्याने चारचौघांसारखा होता. लग्न एकच, १९२२ साली केलेले, ते अखेरपर्यंत टिकले. तरीही १९३०पासून १९६१पर्यंत, तीस वर्षे, तो पडद्यावर येऊन उभा राहिला की बाकीच्यांकडे पाहावयास डोळे तयार होत नसत. मी त्याचे चित्रपट पहिल्यांदा पाहिले ते तरुणपणी, झिजलेल्या व्हिडिओ कॅसेटींवर. इंग्रजी संवाद निम्मेशिम्मे कळत. पण ती पायांच्या चवड्यांवरची चाल, खांदा उडवण्याची ती लकब आणि बंदुकीच्या गोळ्यांसारखे सुटणारे ते शब्द, हे कळावयास भाषा लागत नव्हती. कोणाच्या बापाला न भिणारा माणूस कसा उभा राहतो, हे त्यावरून कळे आणि मनाला फार बरे वाटे.

पुढे कामगार संघटनेत पडलो, हाती लागतील ती पुस्तके वाचू लागलो, तेव्हा ह्या नटाची दुसरी ओळख झाली. तीच आज आपणांपुढे ठेवावयाची आहे.

कॅग्नीचा जन्म १७ जुलै १८९९ रोजी न्यूयॉर्क शहराच्या गरीब वस्तीत झाला. बाप गुत्त्यावर दारू वाढण्याचे काम करी आणि पिऊनही टाकी. १९१८च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत तो वारला. त्याच वेळी जेम्सचे कोलंबिया विद्यापीठातले शिक्षण एका सत्रातच संपले. त्याने वर्तमानपत्राच्या कचेरीत पोऱ्या म्हणून काम केले, ग्रंथालयात पुस्तके लावली, हॉटेलात सामान उचलले. नाटकधंद्यात तो शिरला तो कलेच्या ओढीने नव्हे, तर पगाराच्या ओढीने. १९१९ साली त्याला पहिली नोकरी मिळाली ती लुगडे नेसल्यागत बायकी झगा घालून नाचणाऱ्यांच्या रांगेत. कलेकडे तो जन्मभर एक काम म्हणूनच पाहत आला. वेळेवर जावे, आपले संवाद पाठ असावेत, काम चोख करावे आणि घरी यावे, एवढेच त्याचे नाट्यशास्त्र.

१९३० साली तो वॉर्नर ब्रदर्स ह्या कंपनीत आला. त्या वेळचे स्टुडिओ म्हणजे गिरण्याच होत्या. दर आठवड्याला नवा माल थिएटरांत गेला पाहिजे, म्हणून साचे अखंड चालू. नटाशी सात वर्षांचा करार होई. पण त्याचे बंधन एकाच बाजूला. कंपनीला ठराविक मुदतीनंतर नटाला काढून टाकता येई. नटाला मात्र सोडून जाता येत नसे. नेमून दिलेली भूमिका नाकारली तर पगार बंद, आणि जितके दिवस पगार बंद तितके दिवस कराराच्या शेवटी जोडले जात. ही जोडणी बेकायदा ठरली ती १९४४ साली, ऑलिव्हिया द हॅविलंड ह्या नटीने कोर्टात लढून ठरवून घेतली तेव्हा.

१९३१ साली विल्यम वेलमनच्या 'द पब्लिक एनिमी' ह्या चित्रपटाने कॅग्नी एकदम वर आला. न्याहारीच्या टेबलावर बाईच्या तोंडावर अर्धे ग्रेपफ्रूट दाबणारा तो गुंड प्रेक्षक विसरले नाहीत. कंपनीला त्या चित्रपटाने रग्गड पैसा मिळवून दिला. कॅग्नीचा पगार मात्र सुरुवातीला आठवड्याला ४०० डॉलरच्या घरात होता. सामान्य अमेरिकन मजुराच्या मानाने ही रक्कम डोळे दिपवणारी, ह्यात शंका नाही. पण त्याचा हिशोब निराळा होता. माझ्या घामाने तुमची पेटी किती भरते आणि त्यातले मला किती मिळते, असा त्याचा प्रश्न होता. हा प्रश्न पुसणारा माणूस ४०० डॉलर मिळवतो की ४०० रुपये, ह्याने प्रश्न बदलत नाही.

त्याने काम बंद ठेवले. १९३२ साली तर तो सरळ हॉलिवूड सोडून गेला आणि भावांसारखा डॉक्टरकीच शिकतो म्हणू लागला. सहा महिन्यांनी दिग्दर्शक फ्रँक कॅप्रा ह्यांच्या मध्यस्थीने तडजोड झाली. पगार आठवड्याला सुमारे ३,००० डॉलर झाला आणि वर्षाला चारांहून जास्त चित्रपट नकोत, असे ठरले. पण १९३५ साली त्याचे पाच चित्रपट बाहेर पडले. शिवाय एका थिएटरच्या फलकावर, अटीविरुद्ध, दुसऱ्या नटाचे नाव त्याच्या वर लागले. कॅग्नी कोर्टात गेला आणि मार्च १९३६मध्ये जिंकला. कंपनीचा करार मोडून काढणारा नट त्या काळी विरळाच.

येथे थोडे थांबावे लागेल. ह्या विजयाने काय झाले? बड्या स्टुडिओंपैकी एकाच्याही पडद्यावर पुढची दोन वर्षे तो दिसला नाही. ग्रँड नॅशनल नावाच्या एका नव्या, अशक्त कंपनीत त्याने दोन चित्रपट केले. त्यातल्या 'ग्रेट गाय'मध्ये तो वजनमापे खात्याचा, लाच न घेणारा निरीक्षक झाला आहे. चित्रपट साधा, पण दुकानदाराच्या तराजूखाली बोट घालून पाहणारा तो कॅग्नी मला फार आवडतो. ती कंपनी मोडकळीस आली आणि १९३८ साली तो पुन्हा वॉर्नरकडेच परतला. अटी पहिल्यापेक्षा चांगल्या मिळाल्या, हे खरे. पण त्याच्या मागे, गर्दीच्या दृश्यात उभ्या राहणाऱ्या एक्स्ट्रांच्या रोजात ह्या निकालाने एका सेंटचीही वाढ झाली नाही. एकट्याने जिंकलेला लढा एकट्यापुरताच असतो.

हे कॅग्नीला कळत होते, असे त्याच्या चरित्राची दुसरी बाजू सांगते. मार्च १९३३मध्ये अमेरिकेतील बँका बंद पडल्या, तेव्हा स्टुडिओंनी आठ आठवड्यांसाठी पगारात निम्मी काट जाहीर केली. नटांची बाजू घ्यावयास होती ती १९२७ साली लुई मेयर ह्या स्टुडिओप्रमुखाच्या पुढाकाराने निघालेली अकादमी. मालकांनी काढलेली संघटना मालकांशी किती भांडणार, हे मुंबईच्या माणसाला सांगावयास नको. त्याच वर्षी ३० जूनला स्क्रीन ॲक्टर्स गिल्ड ह्या नटसंघाची नोंदणी झाली. आरंभी लहान नटच होते. मग नट पळवण्याची चढाओढ थांबवून पगारांना लगाम घालण्याचा बेत मालकांनी आखला, तेव्हा मोठ्यांच्याही पायाखाली चटका बसला आणि ऑक्टोबरात बडी नावे आत आली. त्यांत कॅग्नी होता.

एक्स्ट्रांची स्थिती कशी होती? आपल्याकडे बदली कामगार सकाळी गिरणीच्या फाटकावर उभा राही आणि आज काम आहे की नाही ते ऐकून परते. हॉलिवूडमध्ये १९२५ साली सेंट्रल कास्टिंग नावाची कचेरी निघाल्यावर हे फाटक टेलिफोनवर आले. रोज फोन करावयाचा आणि बहुधा 'काम नाही' हे ऐकावयाचे. अशांच्या संघटनेला नामांकित नटांची गरज होती, कारण एक्स्ट्राने काम थांबवले तर दुसरा उभा करता येतो. कॅग्नीने थांबवले तर चित्रपट थांबतो. १९३७ साली नामांकितांनी संपाची तयारी दाखविली आणि ९ मे रोजी भरलेल्या मोठ्या सभेत, मालकांनी संघ मान्य केल्याची बातमी सांगण्यात आली. किमान वेतन लेखी ठरले. त्याच सुमारास स्टुडिओंतले रंगारी व इतर कारागीर संपावर होते, त्यांना मात्र नटसंघाने साथ दिली नाही. हा डाग आहे आणि तो सांगितला पाहिजे.

पडद्यावरच्या ह्या गुंडाला खऱ्या गुंडांशीही गाठ घालावी लागली. तंत्रज्ञांच्या संघटनेवर शिकागोच्या टोळीने जॉर्ज ब्राउन आणि विली बायॉफ ह्या दोघांमार्फत कबजा केला होता. संपाचा धाक घालून मालकांकडून पैसा उकळावा, आणि कामगाराच्या हाती काही पडू नये, असा तो धंदा. नटसंघाने त्यांना विरोध केला. डोक्यावर अवजड दिवा पाडून आपल्याला मारण्याचा बेत होता, असे कॅग्नीने १९७६च्या आत्मचरित्रात सांगितले आहे. १९४१ साली दोघांनाही शिक्षा झाली. संघटना गुंडाच्या हाती गेली की कामगाराला दोन मालक होतात, हा धडा सर्व देशांत सारखाच आहे.

आता त्याच्या सर्वांत गाजलेल्या चित्रपटाकडे येऊ. कापूसवेचणीच्या मजुरांना मदत केल्याबद्दल कॅग्नीवर कम्युनिस्ट असल्याचा आरोप झाला होता. १९४० साली काँग्रेसच्या डाइस समितीने त्याला निर्दोष ठरविले. तरी संशय पुसून टाकण्यासाठी देशभक्तीचा चित्रपट हवा, असे त्याच्या भावाने घेतले आणि 'यांकी डूडल डँडी' निघाला. हे जॉर्ज कोहॅन ह्या रंगभूमीच्या बादशहाचे चरित्र. पण हाच कोहॅन १९१९च्या नटांच्या संपात मालकांच्या बाजूने उभा राहिला होता! त्या कारणाने कॅग्नीच्या मनात त्याच्याविषयी अढी होती. तरीही त्याने ती भूमिका केली, आणि अशी केली की पाहणाऱ्याला कोहॅनवर प्रेम करावे लागते. ताठ पाय, पुढे झुकलेले अंग, भिंतीवर चढून जाणारा तो नाच! संपाचा उल्लेख चित्रपटात नाही. १९४२ साली चित्रपट आला, त्याच वर्षी कॅग्नी नटसंघाचा अध्यक्ष झाला, आणि १९४३ साली त्याला ऑस्कर मिळाले. संपफोड्याची भूमिका करून युनियनच्या अध्यक्षाने पारितोषिक मिळवावे, असा योग इतिहासात वारंवार येत नाही. मला ह्यात विसंगती दिसत नाही. काम चोख करणे आणि संघटनेशी इमान राखणे ही दोन निराळी कर्तव्ये आहेत, आणि त्याने दोन्ही पाळली.

१९४९च्या 'व्हाइट हीट'मध्ये तुरुंगातल्या भोजनगृहात आई गेल्याची बातमी तोंडातोंडी त्याच्यापर्यंत येते आणि तो जनावरासारखा हंबरडा फोडीत टेबलांवरून धावतो. तो काय करणार हे भोवतालच्या शेकडो एक्स्ट्रांना आधी सांगितलेले नव्हते, असे म्हणतात. त्या चेहऱ्यांवरची भीती पाहिली की ते पटते. मी तो प्रसंग पाहताना आता कॅग्नीइतकाच त्या बाकांवर बसलेल्या, श्रेयनामावलीत नाव नसलेल्या माणसांकडे पाहतो.

कॅग्नीला आपण आपला संत करू नये. उतारवयात त्याचे राजकारण उजवीकडे झुकले. शेतीत रमला, चित्रे काढू लागला. १९६१नंतर वीस वर्षे पडद्यापासून दूर राहिला, १९८१ साली 'रॅगटाइम'साठी परतला आणि ३० मार्च १९८६ रोजी वारला. पण त्याची मते बदलली तरी त्याने उभारावयास मदत केलेली संघटना त्याच्या मतांवर अवलंबून नव्हती. २०१२ साली ती दुसऱ्या एका संघटनेशी एक झाली आणि २०२३ साली तिने ११८ दिवसांचा संप केला. वादाचा एक मुद्दा असा की एक्स्ट्राच्या शरीराची संगणकावर एकदा छबी घेऊन ती कंपनीने पुढे वापरावी काय. म्हणजे नव्वद वर्षांनी प्रश्न पुन्हा गर्दीतल्या त्याच माणसापाशी येऊन ठेपला.

ज्याचे एकट्याचे भागते त्याने संघटनेत का यावे, असा प्रश्न मला कारखान्याच्या दारात नेहमी विचारला जातो. कुशल कारागीर विचारतो, साहेबाचा आवडता विचारतो. उत्तर कॅग्नीच्या दोन विजयांत आहे. १९३६चा विजय त्याच्या एकट्याचा होता आणि तो त्याच्याबरोबर संपला. १९३७चा विजय पुष्कळांचा होता, त्यात त्याला स्वतःला मिळावयाचे फारसे नव्हते, आणि तो अजून चालू आहे.